घोड्यांच्या मालिकेतला पुनर्जन्म

सिंकमधल्या निम्म्या बाटल्यांची लेबलं सोलून झाली होती, निम्म्या अजून अंगावरच्या कपड्यांनिशी आडव्या पडल्या होत्या. झाकणं एका पिशवीत, लेबलं दुसऱ्या पिशवीत, बाटली विसळायची, पायाखाली चेपायची आणि तिसऱ्या पिशवीत टाकायची. उद्या बाटल्या कचऱ्यात द्यायचा वार. आज झाल्या नाहीत तर आठवडाभर गॅलरीत सांभाळाव्या लागणार, आणि सूनबाई काही बोलणार नाही, नुसती बघेल. न बोलता बघण्याची ही विद्या चैत्राली जपानमध्येच शिकली असं कुमुदिनीबाईंचं ठाम मत होतं, कारण पुण्यात असताना ती चांगली बोलत असे. पण बाहेरच्या खोलीत टीव्हीवर घोड्यांच्या टापा सुरू झाल्या आणि कुमुदिनीबाईंनी हात तसेच पंच्याला पुसले.

"आलेच रे बाबांनो," असं बाटल्यांना सांगून त्या सोफ्यावर जाऊन बसल्या.

कुमुदिनीबाई जपानात, फुनाबोरीला आल्या त्या नातवाच्या जन्मासाठी. बाळंतपण झालं, बारसं झालं, जावळ झालं, कबीर पाळणाघरात जायला लागला, आणि त्या राहूनच गेल्या. यजमान आधीच गेलेले, पुण्याच्या घराला कुलूप. मुलगा अनुराग आणि सून दोघं सकाळी ऑफिसला गेले की पूजा, जप, स्वयंपाक इथवर वेळ हाताशी असे. पण दुपार खायला उठायची. अशाच एका दुपारी रिमोटशी झटापट करताना ही मालिका त्यांना सापडली. जुनी, काळी-पांढरी. धुळीचं गाव, लाकडी फळ्यांचे रस्ते, टोप्या घातलेली माणसं, घोडे, बंदुका. आणि गंमत म्हणजे ते सगळे गोरे लोक जपानी बोलायचे. गोळी घालण्याआधीसुद्धा इतकं नम्र, की स्टेशनवरची बाईच गाड्यांची वेळ सांगतेय असं वाटावं.

"आई, ह्याला वेस्टर्न म्हणतात," अनुरागने सांगितलं. "अमेरिकेतलं. बाबांच्या लहानपणचं असेल."

"असेल. आपल्याला घोड्यांची मालिका बरी."

भाषा कळत नव्हती त्याने काही बिघडलं नाही. टोपीला हात लावून ती जरा उचलली की तो नमस्कार. काळा झगा घातलेली ती विधवा. छातीवर चांदणी लावतो तो फौजदार, आणि त्याच्यावर जीव असून जी कधी बोलत नाही ती खानावळवाली. कुमुदिनीबाईंना गोष्ट बरोबर कळत होती, असं त्यांना वाटत होतं. एका माणसानेच काय तो घोळ केला.

लांबट चेहऱ्याचा, खोल डोळ्यांचा, चालताना डावा खांदा पाडणारा असा एक माणूस होता. कुमुदिनीबाईंनी त्याचं नाव लांबोडा ठेवलं होतं. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो गुरं चोरत होता. भाग संपायच्या आत त्याला फाशी झाली. बाईंना वाईट वाटलं, त्यांनी मनात राम म्हटलं आणि त्याला विसरल्या. काही आठवडे गेले, आणि हा पठ्ठ्या त्याच गावात तारघरात बसलेला! गरीब बिचारा कारकून, सगळ्या गावाच्या तारा पाठवतोय, ह्याला मात्र कुणाची तार येत नाही. शेवटी दरोडेखोरांच्या गोळीने मेला.

आता आपल्याकडच्या मालिका ज्यांनी बघितल्यात त्यांना हे सांगायला नको, की मेलेला माणूस त्याच तोंडाने परत आला तर दोनच गोष्टी असतात. एक तर जुळा भाऊ, नाहीतर पुनर्जन्म. कुमुदिनीबाईंनी आधी जुळा धरला होता. पण मग तो औषधं विकणारा भोंदू होऊन आला आणि मेला. मग दारोदार प्रवचनं देणारा पाद्री होऊन आला, तोही मेला. एवढी भावंडं एकाच चेहऱ्याची कुठल्या माउलीला होणार? म्हणजे पुनर्जन्मच. आणि एकदा हे लक्षात आल्यावर सगळं कसं लख्ख दिसायला लागलं. चोरी केली म्हणून पुढच्या जन्मी दुसऱ्याचं ओझं वाहणारा कारकून. कारकुनाने कधीतरी एखादी तार दडवली असणार, म्हणून पुढे भोंदू. भोंदूपणाचा पश्चात्ताप झाला म्हणून पाद्री. फौजदार मात्र सगळ्या जन्मांत तस्साच, केसही पिकत नाहीत, म्हणजे तो चिरंजीवांपैकी. आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला घोडासुद्धा तोच! मुक्या जिवालाही ऋणानुबंध सुटत नाही, दुसरं काय.

दर गुरुवारी आसपासच्या इमारतींतल्या मराठी बायकांचं भजन असे. आरती झाली, प्रसादाचा शिरा वाटला की बायका कुमुदिनीबाईंकडे वळायच्या.

"मावशी, आता कोण झालाय तो?" अनघा विचारायची. ही लहानपणापासूनच चौकस, असं तिची आईच फोनवर म्हणाली होती.

मग कुमुदिनीबाई टाळ बाजूला ठेवून, पदर सारखा करून, कीर्तनकाराच्या थाटात लांबोड्याचा नवा जन्म सांगायच्या. कुठलं कर्म कुठे फळलं ते उकलून दाखवायच्या. विद्या शिऱ्याचा घास घेत म्हणायची, "आमच्या ह्यांचं पण पुढच्या जन्माचं बघून ठेवा हो मावशी. घोडा झाले तरी चालेल. निदान पाय तरी हलवतील." बायका हसायच्या. त्या हसण्यात एक आवाज हळूहळू मिसळायला लागला होता, आणि तो होता सुलेखाचा.

सुलेखा समोरच्या इमारतीतली. सकाळी जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात अर्धवेळ काम करायची, दुपारी मुलीला बालवाडीतून आणायची. गेल्या वर्षी, ऑक्टोबरात, तिचा धाकटा भाऊ जयेश सिन्नरजवळ मोटारसायकलवरून जाताना अपघातात गेला. इकडे नेमकं वादळ आलं, विमानं रद्द झाली, आणि सुलेखा हातात बॅग घेऊन विमानतळावरच बसून राहिली. पोचताच आलं नाही. त्यानंतर ती गेलीच नाही. भजनाला यायची, भिंतीला टेकून बसायची, तोंड मिटून. पाद्रीच्या जन्माच्या गुरुवारी मात्र घरी जाताना तिने कुमुदिनीबाईंचा हात धरला.

"मावशी, तो आमच्या जयूसारखा चालतो. खांदा पाडून."

"हो का गं?"

"मी आता घरी लावते ती मालिका. रोज."

कुमुदिनीबाईंना बरं वाटलं. देवाने आपल्या तोंडून कुणाला तरी धीर दिला, असंच त्यांनी मानलं आणि रात्री समईपुढे त्याबद्दल हातही जोडले.

आणि मग परवा सुलेखाचा नवरा सुरेश खाली सायकलींच्या शेडमध्ये भेटला. ऑफिसातून आला होता, गळ्यात ओळखपत्र तसंच. आधी सवयीने कमरेतून वाकला, मग लक्षात आल्यावर हात जोडले.

"मावशी, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोल की."

"पुढच्या महिन्यात जयूचं वर्षश्राद्ध आहे. विधी चुलतभाऊ करेल, तो प्रश्न नाही. पण सासूबाई एकट्या आहेत नाशिकला. रोज फोन करून विचारतात, सुलू येणार ना. आणि ही म्हणते, मी नाही जाणार."

"का म्हणून?"

सुरेशने सायकलचं कुलूप उगाच दोनदा लावलं. "ती म्हणते, श्राद्ध कुणाचं घालायचं? तो तर केव्हाच जन्मला कुठेतरी. कुमुदमावशींनी सांगितलंय."

"मी?"

"तुमची ती घोडेवाल्याची स्टोरी."

कुमुदिनीबाईंच्या पायाखालची फरशी हलली. भूकंप म्हणाल तर तो नव्हता, सायकली जागच्या जागी होत्या.

"अरे पण मी असं कुठे म्हटलं, की श्राद्ध करू नका म्हणून!"

"नाही म्हटलंत. पण मी तिला काय सांगू? मला ह्यातलं काही कळत नाही. ऑफिसात ताकेदा-सान पण विचारत होते, इंडियात सगळे पुन्हा जन्मतात का. मी म्हटलं, चेक करून सांगतो." तो कसनुसा हसला. "सासूबाई रडतात हो फोनवर. तुमचं ती ऐकेल."

झालं. त्या दिवसापासून कुमुदिनीबाईंच्या डोक्याचं पार भरीत झालं. आजवर त्यांनी दोन्ही गोष्टी मानल्या होत्या. आत्मा नवा जन्म घेतो हेही, आणि यजमानांच्या तिथीला कावळ्याला घास ठेवायचा हेही. इथे कावळे कचऱ्यावरच्या जाळ्या उचकटण्यात गर्क असतात, घासाकडे बघतसुद्धा नाहीत, तरी त्या गॅलरीत घास ठेवायच्या. दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी इतकी वर्षं सुखाने नांदत होत्या. आता सुलेखाने एकीला दुसरीसमोर उभं केलं आणि दोघी एकमेकींकडे ओळख नसल्यासारख्या बघायला लागल्या. हे गेले, ते जर कुठेतरी जन्मले असतील, चार वर्षांचे होऊन शेंबूड पुसत असतील, तर माझा घास कुणाला?

त्यांनी पुण्याच्या दीक्षितगुरुजींना फोन लावला.

"पोचतो," गुरुजी म्हणाले. मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "पत्ता बदलला तरी टपाल पोचतंच की. माणूस असेल तर अन्न होऊन, गाय असेल तर गवत होऊन. शंका घेऊ नये."

"पण गुरुजी, बाळ असेल तर? दूध होऊन का?"

"कुमुदिनीबाई, तुम्ही जपानात काय वाचताय हल्ली?"

फोन ठेवल्यावर त्यांना गुरुजींचं पटलंही होतं आणि नव्हतंही. सुलेखाला टपालाचं सांगावं तर ती म्हणेल, मग टपाल इथूनही पोचेल, नाशिकला कशाला जाऊ? तेवढ्यात त्यांना वाटलं, मालिकेतच बघावं. लांबोड्याच्या मागे कुणी त्याचं काही करतं का? पाद्री झाल्यावर त्या कारकुनाच्या थडग्यावर कुणी फुलं वाहिली का? कुणी वाहिली असली तर तेच सुलेखाला सांगता येईल. आता मात्र भाषा कळायला हवी होती. म्हणून त्यांनी सेत्सुकोवहिनींना बोलावलं.

सेत्सुकोवहिनी मूळच्या ओसाकाच्या, सांगलीच्या गुरुनाथ आपट्यांची बायको. लग्नाला एवढी वर्षं झाली की सासूकडून शिकलेलं त्यांचं मराठी आता सांगलीतही कुणी बोलत नसेल. त्या तिळाच्या बिस्किटांचा डबा घेऊन आल्या, सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या, आणि पडद्यावर लांबोडा दिसताच त्यांनी टाळी वाजवली.

"अगो बाई! हा मेला अजून आहे?"

"म्हणजे? तुम्ही ओळखता ह्याला?"

"ओळखते म्हणजे! आमच्या काकांचं तांदळाचं दुकान होतं ओसाकात. गल्लीत पहिला टीव्ही त्यांच्याकडे आला. आम्ही मुली पोत्यांवर बसून बघायचो. ह्या घोडेवाल्यांच्या किती मालिका होत्या तेव्हा! मला सगळ्या आवडायच्या. आणि हा तर सगळ्यांत यायचा. ह्यात मरायचा, त्यात मरायचा. आम्ही पैजा लावायचो, आज जाहिरातीच्या आधी मरतो की नंतर."

"सगळ्यांत? दुसऱ्या गावांतसुद्धा?"

"हो की. पाहुणा नट. दर भागाची गोष्ट निराळी हो, कुमुदताई. कालच्याचा आजच्याशी काही संबंध नाही. चांगला मरायचा म्हणून परत परत बोलवायचे, नवा कोट घालायचे, नवी मिशी चिकटवायचे. काय झालं? तुम्ही अशा का बघताय?"

कुमुदिनीबाई टीव्हीकडे बघत होत्या. लांबोडा आज न्हावी होता. मिशी खरंच जरा वाकडी चिकटवलेली दिसत होती, आणि एवढे दिवस ती आपल्याला कशी दिसली नाही हे त्यांना कळेना.

"आणि घोडा?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"घोडा काय?"

"काही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जुळ्या भावापासून चिरंजीव फौजदारापर्यंत. सेत्सुकोवहिनी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, सासूबाई असत्या तर त्यांना केवढं आवडलं असतं म्हणाल्या. पुढे सुलेखाचं ऐकलं तेव्हा थांबल्या. एक बिस्कीट उचललं, परत डब्यात ठेवलं.

"तुमच्याकडे गेलेल्या माणसाचं काय होतं, वहिनी?" कुमुदिनीबाईंनी विचारलं. "तुम्ही लोक काय मानता?"

"आम्ही? ओबोनला, आमच्या पितरांच्या सणाला, घरी येतात ना. आत्ताच ऑगस्टात झाला. काकडीला चार काड्या टोचायच्या, घोडा करायचा. त्याच्यावर बसून गेलेली माणसं लवकर येतात. जाताना वांग्याची गाय. गाय सावकाश चालते, म्हणजे त्यांनी लवकर जाऊ नये."

"दर वर्षी येतात? मग जन्म घेत नाहीत?"

"घेतात की. देवळातले भटजी तेही सांगतात."

"मग येतं कोण?"

सेत्सुकोवहिनींनी बराच विचार केला. "कुमुदताई, मी कधी विचारलं नाही. आई काकडी आणायची, मी काड्या टोचायची."

म्हणजे इथेही तेच. कुमुदिनीबाईंना वाटलं होतं निदान परक्या देशात तरी कुणाला नक्की माहीत असेल.

रात्र अशीच गेली. खरं सांगायचं तर प्रश्न आता श्राद्धाचा राहिला नव्हता. प्रश्न हा होता की सुलेखाला सांगायचं की नाही. न सांगावं तर ती तिकडे जाणार नाही आणि तिची आई वर्षश्राद्धाला एकटी बसेल. सांगावं तर त्या पोरीचा भाऊ आपल्या हातून दुसऱ्यांदा जाणार. देवापुढे बसल्या, माळ ओढली, एकदा मेरुमणी ओलांडून गेली तेही कळलं नाही. देवाने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सकाळी चैत्रालीने विचारलं, "आई, भाजीत मीठ दोनदा पडलंय का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "पडलं असेल. एक मागच्या जन्मातलं." चैत्रालीने नुसतं बघितलं.

दुपारी त्या सुलेखाकडे गेल्या. मालिका लागतच होती. सुलेखा कारखान्यातून येऊन, केसांची जाळी अजून डोक्यावर, टीव्हीसमोर ताट घेऊन बसली होती.

"या मावशी! बसा. आज येणार तो, मला वाटतंय."

आणि खरंच आला. दुसऱ्याच प्रसंगात छपरावर बंदूक घेऊन उभा राहिला, फौजदाराने खालून गोळी झाडली, आणि लांबोडा गवताच्या गाडीत धाडकन पडला. दोन वाक्यंसुद्धा बोलला नाही.

"इतक्यात?" सुलेखा म्हणाली. घास हातात तसाच.

कुमुदिनीबाईंनी सगळं ठरवून आणलं होतं, कुठून सुरुवात करायची, मध्ये गुरुजींचं टपाल कुठे घालायचं. ते सगळं त्या गवताच्या गाडीबरोबर गेलं.

"सुलेखा," त्या म्हणाल्या, "तो जन्मत नाही गं. नट आहे. एकच माणूस. पगारावर मरतो. सेत्सुकोवहिनींनी सांगितलं."

सुलेखाने ताट खाली ठेवलं. पडद्यावर खानावळवाली फौजदाराला कॉफी देत होती.

"शेवटी नावं येतात, मावशी. मला वाचता येतात ती." तिचा आवाज सरळ होता. "म्हणून नावं यायला लागली की मी टीव्ही बंद करते."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वाचलं नव्हतं. वाचलं असतं तर तो त्या नावाचा कुणीतरी झाला असता. मग जयू नसता झाला."

"आणि मी गुरुवारी सांगायचे ते?"

"ते ऐकायला यायचे. तुम्ही इतक्या खात्रीने सांगायचात. मावशी, मला खात्रीने बोलणारं कुणी भेटलं नाही हो ह्या वर्षात. सगळे म्हणतात वाईट झालं, आणि चहा घेतात." मग एकदम मान वळवून तिने विचारलं, "सुरेशने पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही. हो. म्हणजे तो बोलला, पण मी..."

"तुमची खात्री संपली, म्हणून माझी मोडायला आलात."

कुमुदिनीबाईंना इतकं खरं कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं, आणि त्याचा राग यावा की नाही तेही कळत नव्हतं.

"संपली," त्या म्हणाल्या. "सुलेखा, मला काही म्हणता काही कळत नाहीये बघ. गुरुजी म्हणतात टपाल पोचतं. वहिनी म्हणतात काकडीच्या घोड्यावर बसून येतो. मी म्हटलं येतं कोण, तर त्यांनाही माहीत नाही. मी दर तिथीला घास ठेवते ह्यांच्यासाठी, तो कुणाला जातो ते मला आता..."

"काकडीच्या?"

"काड्या टोचून घोडा करतात म्हणे."

सुलेखाच्या तोंडून हसू फुटलं, नको असताना. "जयू काकडीला हात लावायचा नाही. कोशिंबिरीतून निवडून माझ्या ताटात टाकायचा. मेला काही झालं तरी काकडीवर बसला नसता." आणि मग ते हसू कुठेतरी मध्येच वळलं आणि ती रडायला लागली. जाळी डोक्यावर, हात भाजीने माखलेले, तशीच. कुमुदिनीबाईंनी तिला जवळ घेतलं. वर्षभरात ती कधी रडलेली कुणी पाहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने कुमुदिनीबाईंनी विचारलं, आणि हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं, "तुझी आई दुपारी काय करते गं?"

"दाराकडे बघते," सुलेखा म्हणाली. "तो दुपारचा जेवायला यायचा घरी. शेजारच्या काकू सांगतात, दोन वाजेपर्यंत दार लावत नाही."

मालिका चालू होती. लांबोड्यावाचून चालली होती. खानावळीत जेवणं झाली, कुणाचं तरी लग्न ठरलं, फौजदार घोड्याला पाणी पाजून आला. मग संगीत मोठं झालं आणि नावं सरकायला लागली. सुलेखाचा हात रिमोटकडे गेला.

हात रिमोटवर राहिला. नावं सरकत होती. एका ओळीपाशी सुलेखा थांबली आणि तिने ती मोठ्याने वाचली. परदेशी नाव, जपानी अक्षरांत ओढून ताणून बसवलेलं.

"हा असेल," ती म्हणाली. "दुसऱ्या क्रमांकाचा पाहुणा."

कुमुदिनीबाईंनी ते नाव म्हणून बघितलं. जिभेवर बसेना.

"म्हातारा होऊन गेला असेल आता तोही," सुलेखा म्हणाली. तिने नाक पुसलं, फोन घेतला आणि सुरेशला मेसेज टाकला, नाशिकची तिकिटं बघ म्हणून. टाकला, आणि फोन उलटा करून ठेवला, जणू त्यातून काही बाहेर येईल. "जाईन मी. पण तिथे फोटोला हार असेल, मावशी. मी तो अजून बघितलेला नाही."

"हो गं."

"आणि तुम्ही गुरुवारी गोष्ट बंद करू नका."

"आता काय सांगू मी? खोटं?"

"मला काय विचारता?"

आपण आज पुण्य केलं की पाप, हे कुमुदिनीबाईंना सांगता आलं नसतं. एका आईकडे तिची लेक चालली होती, हे चांगलं. आणि समोर बसलेल्या पोरीचे डोळे सुजून मिटायला आले होते, ते त्यांच्यामुळेच. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एका मापात बसत नव्हतं.

सुलेखाने घड्याळ बघितलं आणि दचकली. बालवाडी सुटायची वेळ झाली होती. तिने आरशात तोंड पाहिलं, पाणी मारलं, परत पाहिलं.

"अशी कशी जाऊ? फाटकाशी सगळ्या आया असतात. उद्यापर्यंत आख्ख्या वर्गात विचारपूस." मग तिने बालवाडीला फोन केला, आज आजी न्यायला येतील, निळी साडी, भारतीय, नाव कुमुदिनी-सान, असं त्यांच्या बाईंना जपानीत दोनदा समजावलं आणि गळ्यात घालायचं पालकांचं कार्ड कुमुदिनीबाईंच्या हातात दिलं.

"दुसऱ्या सिग्नलपाशी डावीकडे, पिवळं फाटक. जमेल ना?"

"जमेल."

त्यांनी कार्ड गळ्यात अडकवलं, दाराशी चपला शोधल्या, आणि सुलेखाच्या नैनाला बालवाडीतून आणायला निघाल्या.